उपऱ्याची मिरास

मराठी मुलखातील जुन्या गावगाड्यात जमीन कसणारांचे दोन वर्ग असत. एक मिरासदार, दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरला जात आहे तोवर तिच्यावरून त्याला कोणी हलवू शकत नसे. उपरी हा बाहेरून येऊन कराराने शेत करणारा. गावात दोघेही नांदत असताना हा भेद फारसा डोळ्यांत भरत नसे, कारण दोघांचे नांगर एकाच पावसाची वाट पाहत. भेद उघडा पडे तो गाव सोडल्यावर. दुष्काळाने म्हणा, सरकारी तगाद्याने म्हणा, मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे. वर्षानुवर्षांनी तो अगर त्याचा मुलगा परतला, थकलेले देणे त्याने चुकते केले, की ते शेत पुन्हा त्याच्या हाती येई. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनची पाहणी करणाऱ्या एल्फिन्स्टन, चॅप्लिन प्रभृती अधिकाऱ्यांनी ही रीत आपल्या अहवालांत नमूद करून ठेवली आहे. उपरी मात्र गेला की गेला. त्याच्या परतण्याची वाट गावाने पाहावी असा त्याचा हक्कच नव्हता.

मिराशीचा कायदा इतिहासजमा झाला. परंतु त्यामागील विचार आजच्या राष्ट्रांच्या नागरिकत्वविषयक कायद्यांत निराळ्या वेषात वावरताना दिसतो. जन्माने नागरिक असलेला मनुष्य परदेशी पन्नास वर्षे राहिला तरी बहुधा त्याला कोणी काही विचारीत नाही. पण जो अर्ज करून, शपथ घेऊन, जुने राष्ट्र सोडून नव्या राष्ट्राचा झाला, त्या स्वीकृत नागरिकाने चार वर्षे बाहेर काढली की त्याच्या निष्ठेविषयी शंका उपस्थित होते. त्याने केवळ नागरिक होऊन भागत नाही. नागरिक राहावे लागते. या ‘राहण्या’चा इतिहास पाहावा असे मनात आले, ते आपल्या बंगळूरच्या भोवतालाकडे पाहूनच. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून येथे आलेल्या मराठी घराण्यांना कोणी दाखला मागितला नाही. त्या काळी दाखल्याची कल्पनाच नव्हती. आज मात्र याच नगरात, अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन वीस-पंचवीस वर्षांनी परतलेली आणि तो परकीय पासपोर्ट कपाटात जपून ठेवून जयनगरात अगर मल्लेश्वरात सुखाने राहणारी माणसे कितीतरी आहेत. हे सुख त्यांना आयते मिळालेले आहे. ते कोणी मिळविले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या कथेच्या आरंभी एक मराठी नाव आहे. सखाराम गणेश पंडित हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेस गेले आणि लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. त्या देशाचा 1790 सालचा कायदा ‘मुक्त गोऱ्या माणसा’सच नागरिकत्व देत असे, 1870 साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी मनुष्य या दोहोंपैकी कोठे बसतो? न्यायालये चाचपडत होती. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना 1910 साली वरिष्ठ न्यायालयाने नागरिक मानले, त्यानंतर आणखी काही जणांना मानले, आणि 1914 साली पंडितांनाही लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने नागरिकत्वाचा दाखला दिला. सरकारने त्यावर अपील केले नाही. 1917 च्या अखेरीस पंडित कॅलिफोर्नियात वकील झाले. पुढे एका गौरवर्णीय अमेरिकन स्त्रीशी त्यांचा विवाह झाला.

यानंतर 1923 साल उजाडले. भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाच्या नागरिकत्वाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत पंडित होते. 19 फेब्रुवारी रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी निर्णय दिला. वंशशास्त्रज्ञ हिंदी लोकांस कोणत्या शाखेत घालतात ते असो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ नव्हेत, असा त्याचा मथितार्थ. आर्य, कॉकेशियन वगैरे शब्दांवर आपल्याकडील सुशिक्षितांनी त्या काळी जो भरवसा ठेवला होता तो एका सकाळी निकामी ठरला. (तो भरवसा मुळातच ठेवण्याजोगा होता काय, हा प्रश्न वेगळा. आपण त्या गोऱ्या रांगेत उभे आहो, हे सिद्ध करण्यात आपल्या लोकांनी जी बुद्धी वेचली ती वाचताना आज संकोच वाटतो.)

निर्णयाचा खरा घाव बसला तो ज्यांना दाखले आधीच मिळाले होते त्यांच्यावर. 1906 च्या कायद्याने सरकारला, लबाडीने अगर बेकायदा मिळविलेले दाखले रद्द करून घेण्याचा अधिकार दिला होता. थिंद गोरा नाही, तर मग बाकीचे हिंदी नागरिकही ‘बेकायदा’ झालेले, असा तर्क लढवून सरकारने एकामागून एक दावे लावले. त्यांत सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व गेले. 1915 साली ते बायकोमुलांसह तेथे गेले होते. इंग्रजी राज्याचे जोखड झुगारून मुक्त देशाचे नागरिक व्हावे हीच त्यांची इच्छा. नागरिकत्व गेल्यावर त्यांना हिंदुस्थानास एकदा भेट देऊन यावेसे वाटले. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन जा, असे सुचविले गेले. ज्या राजसत्तेचा त्याग करून माणूस निघाला तिचेच नाव छातीवर लावून त्याने घरी जावे, ही सूचना करणारास त्यातील क्रौर्य कळले असेल असे वाटत नाही. 1928 साली बगाई यांनी आत्महत्या केली. एक पत्र त्यांनी लिहून ठेवले होते, ते वृत्तपत्रात छापून आले.

बगाई यांच्या शोकांतिकेतून एक गोष्ट लख्ख दिसते. मतदान, जमीन, नोकरी या गोष्टींसाठी नागरिकत्व लागतेच. पण त्याचे मोल पुरते कळते ते उंबरठ्यावर. बाहेर जाऊन परत येता येणे, ही त्याची कसोटी. ज्याला परत येता येत नाही, तो घरात असूनही घरचा नव्हे.

पंडितांवरही दावा लागलाच. त्यांच्या बाबतीत पणाला काय लागले होते ते पाहा. नागरिकत्व गेले की वकिली गेली. परकीयांनी जमीन धारण करण्याविरुद्धचे कॅलिफोर्नियाचे कायदे कडक होते, तेव्हा स्थावरही गेले. पत्नीची गत याहून विचित्र. 1922 च्या नव्या कायद्याने, परकीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व कायम राखले होते खरे; पण नवरा जर ‘नागरिक होण्यास अपात्र’ अशा वंशाचा असेल, तर तिचेही जावे, असा अपवाद त्यात होता. म्हणजे जन्माने अमेरिकन असलेली स्त्री नवऱ्याच्या पायी निर्देश होणार. तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नीवर तीच आपत्ती आली होती.

पंडितांनी वंशाचा वाद पुन्हा उकरला नाही. थिंदच्या दाव्यात तो हरला होता. त्यांनी वकिलाला शोभेल असा साधा मुद्दा धरला: 1914 साली सक्षम न्यायालयाने हा प्रश्न ऐकून निकाल दिला, सरकारला अपिलाची संधी होती, ती त्याने घेतली नाही, आता तोच प्रश्न दुसऱ्यांदा काढता येणार नाही. आपल्याकडे दिवाणी न्यायालयात ज्याला पूर्वनिर्णयाची बाधा म्हणतात तेच हे तत्त्व. खालच्या न्यायालयाने ते मानले, 1926 साली वरिष्ठ न्यायालयाने मानले, आणि 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची विनंती ऐकून घेण्याचे नाकारले. त्यानंतर सरकारने इतरांवरचे उरलेले दावे सोडून दिले. गोरेपणाच्या मोठ्या वादात जे मिळाले नाही, ते दिलेला शब्द फिरवता येत नाही एवढ्या लहान मुद्द्याने मिळाले. हिंदी लोकांस नव्याने नागरिक होण्याची वाट मात्र 1946 च्या जुलैपर्यंत बंदच होती, आणि उघडली तेव्हाही हिंदुस्थानातून नव्याने येणारांना वर्षास शंभरच जागा होत्या.

पंडित जिंकले ते अमेरिकेत राहून. परंतु ज्यांचे नागरिकत्व निर्विवाद होते त्यांनाही देशाबाहेर राहण्याचे भय होतेच, आणि ते सर्व वंशांना सारखे होते. त्याचे मूळ युरोपात आहे. जर्मनीतून अमेरिकेत जावे, नागरिक व्हावे, आणि मग मायदेशी परतून लष्करी भरती टाळण्यासाठी तो दाखला पुढे करावा, असा प्रकार एकोणिसाव्या शतकात वाढला होता. तेव्हा 1868 साली जॉर्ज बँक्रॉफ्ट यांनी उत्तर जर्मन संघराज्याशी तह केला: मायदेशी दोन वर्षे राहिलेला मनुष्य परतण्याचा विचार सोडून आला आहे असे धरता येईल. (बँक्रॉफ्ट हे मूळचे इतिहासकार, आपल्या देशाचा इतिहास लिहिता लिहिता त्यांनी पुष्कळांच्या भवितव्याचे एक कलम लिहून ठेवले.) 1907 साली ते तत्त्व सरसकट कायद्यात आले. स्वीकृत नागरिक मायदेशी दोन वर्षे किंवा इतरत्र पाच वर्षे राहिला, की तो नागरिक उरला नाही असे गृहीत धरावे. तसे नाही हे त्याने वकिलातीत पुरावा देऊन दाखवावे. पुढे 1940 आणि 1952 च्या कायद्यांत गृहीत धरण्याचीही आवश्यकता ठेवली नाही. मायदेशी सलग तीन वर्षे काढली की सामान्यतः नागरिकत्व संपले.

हे कलम कोणाच्या हातून मोडले? एका गृहिणीच्या. अँजेलिका श्नायडर ही जर्मनीत जन्मलेली मुलगी लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आली, सोळाव्या वर्षी आईच्या नागरिकत्वामुळे नागरिक झाली, तेथेच शिकली. पुढे जर्मन गृहस्थाशी लग्न करून कलोन शहरी संसार करू लागली. तीन वर्षे झाली आणि पासपोर्ट नाकारला गेला. ती जन्माने अमेरिकन असती तर याच संसाराबद्दल तिला कोणी शब्दही विचारला नसता. 18 मे 1964 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ते कलम रद्द ठरविले. न्यायमूर्ती डग्लस यांच्या म्हणण्याचा आशय असा की, स्वीकृत नागरिकांची निष्ठा जात्याच कमी विश्वासार्ह असते असे हा कायदा समजतो, आणि तसे समजण्याचा अधिकार राज्यास नाही. परदेशी राहणे हे देशत्यागाचे लक्षण नव्हे. त्यानंतर तीन वर्षांनी, 1967 साली, पोलंडमध्ये जन्मलेले चित्रकार बेयस आफ्रोयिम यांच्या दाव्यात न्यायालय आणखी पुढे गेले. नागरिकाने स्वतः सोडल्यावाचून काँग्रेसला त्याचे नागरिकत्व काढून घेता येत नाही, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. एका मताचाच फरक. मल्लेश्वरातील तो कपाटातला पासपोर्ट या एका मतावर उभा आहे. 1964 पूर्वीची स्थिती असती तर बंगळुरात चौथा दसरा पाहण्याआधीच तो रद्द झाला असता.

आता दृष्टी बंगळुराकडेच वळवू. कारण या प्रश्नाची दुसरी बाजू याच नगराने पाहिलेली आहे. 1935 च्या अखेरीस गटिंगेनहून हुसकावलेले भौतिकीचे आचार्य माक्स बॉर्न हे रामन यांच्या निमंत्रणावरून येथील भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि सुमारे सहा महिने राहिले. त्यांना कायमचे ठेवून घ्यावे अशी रामन यांची खटपट होती. ती फसली. स्वतःच्याच देशाने टाकलेला हा दुय्यम प्रतीचा परका आपल्याला कशाला, असे एका इंग्रज प्राध्यापकाने बैठकीत ऐकवल्याचे बॉर्न यांनी लिहून ठेवले आहे. बॉर्न एडिंबरोला गेले आणि 31 ऑगस्ट 1939 रोजी, महायुद्धाला तोंड लागण्याच्या आदल्या दिवशी, ब्रिटिश नागरिक झाले. आणखी काही दिवस उशीर झाला असता तर ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले असते.

त्यांचे भाचे ऑटो कोनिग्सबर्गर हे त्याच वर्षी म्हैसूर संस्थानच्या चाकरीत वास्तुशिल्पी म्हणून बंगळुरास आले. दिवाण सर मिर्झा इस्माइल यांच्या नजरेखाली त्यांनी येथे पुष्कळ बांधकाम केले; विज्ञान संस्थेच्या आवारातील विमानविद्या विभागाची इमारत त्यांचीच. ते येथे नकाशे काढीत असताना 25 नोव्हेंबर 1941 रोजी बर्लिनमध्ये एक हुकूम निघाला: परदेशी वास्तव्य असलेल्या प्रत्येक ज्यूचे जर्मन नागरिकत्व संपले. त्याआधी 1933 च्या जुलैतील कायद्याने, मधल्या प्रजासत्ताकाच्या काळात स्वीकृत झालेल्यांचे दाखले मागे घेण्याचा अधिकार तेथील सरकारने घेतला होताच. ज्यांना हाकलले, त्यांच्यावर ‘तुम्ही बाहेर राहता’ हाच ठपका. वास्तव्याच्या निकषाचे इतके उघडे ढोंग इतिहासात दुसरे सापडणे कठीण. 1949 च्या जर्मन मूलभूत कायद्याने अशा लोकांना मागितल्यास नागरिकत्व परत देण्याची सोय केली, ती याच पापाची जाणीव ठेवून.

बॉर्न यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिकच बोलका आहे. निवृत्तीनंतर, 1954 च्या सुमारास, ते पुन्हा जर्मनीत, बाड पिर्मोंट या लहानशा गावी राहावयास गेले. आइन्स्टाइन यांना ते रुचले नाही. पण येथे प्रश्न कायद्याचा पाहू. 1948 च्या ब्रिटिश कायद्यात एक कलम होते: स्वीकृत नागरिक परदेशी सलग सात वर्षे राहिला, तो सरकारी अगर आंतरराष्ट्रीय सेवेत नसला, आणि नागरिकत्व राखण्याची इच्छा त्याने दरवर्षी वकिलातीत नोंदविली नसली, तर त्याचे नागरिकत्व काढून घेता येई. बॉर्न यांच्यासारख्या वृद्धाने, नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याने, दर वर्षी जाऊन ‘माझी इच्छा अद्याप आहे’ असे लिहून द्यावे, ही कायद्याची अपेक्षा. 1964 सालीच, अमेरिकेत श्नायडर यांचा निकाल लागला त्याच वर्षी, ब्रिटिश पार्लमेंटने ते कलम रद्द केले. कॅनडाने आपले तत्सम कलम 1967 साली टाकले. सारे जग मात्र त्या वाटेने गेले नाही. आपले पांडुरंग खानखोजे ज्या मेक्सिकोत अनेक वर्षे राहिले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवीत होते, त्या देशाच्या संविधानात स्वीकृत नागरिकासाठी पाच वर्षांची मर्यादा आहे.

आणि भारत? आपला नागरिकत्वाचा कायदा 1955 सालचा, पं. गोविंद वल्लभ पंत गृहमंत्री असताना झालेला. त्याच्या दहाव्या कलमात ते ब्रिटिश कलम जवळजवळ शब्दशः उतरले आहे. तीच सात वर्षे, तीच दरवर्षीची नोंद. आईने टाकलेले लुगडे मुलीने जपून ठेवावे तसे हे कलम आपण जपले आहे. सवलती आहेत: परदेशी विद्यालयात शिकणारा, भारतातील सरकारच्या सेवेतील मनुष्य, भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नोकर, यांना बाधा नाही. न्यायासाठी सांगितले पाहिजे की नागरिकत्व आपोआप जात नाही. केंद्र सरकारने लेखी नोटीस द्यावी लागते. चौकशी मागण्याचा हक्क सात वर्षांच्या या कारणाला मात्र लागू नाही, सरकारला वाटले तरच ते प्रकरण चौकशी समितीकडे सोपवू शकते; त्या चौकशी समितीचा अध्यक्ष न्यायाधीशपदाचा दहा वर्षांचा अनुभव असलेला असावा लागतो. शिवाय त्या व्यक्तीचे नागरिक राहणे लोकहिताला बाधक आहे अशी सरकारची खात्री व्हावी लागते. निर्देशितता कमी करण्यासाठी 1961 साली झालेला आंतरराष्ट्रीय करारही अशा सात वर्षांच्या कलमास मुभा देतो. (त्या करारात भारत सामील झालेला नाही, ही गोष्ट निराळी.) तेव्हा हे कलम म्हणजे जुलूम, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ते कोणाच्या वाटेत आडवे येते, हे पाहिल्यावाचून त्याचे मूल्यमापन होत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. बंगळुरातील मराठी अभियंता एखाद्या परदेशी मुलीशी लग्न करतो. ती येथे येते, वर्षानुवर्षे राहते, आपल्या मूळ राष्ट्राचे नागरिकत्व सोडते आणि नोंदणीने भारतीय होते. हे दहावे कलम स्वीकृत नागरिकांप्रमाणेच अशा नोंदणीने झालेल्या नागरिकांनाही लागू आहे. पुढे नवऱ्यास त्याची खाजगी कंपनी दहा वर्षांसाठी परदेशी पाठविते. तो जन्माने भारतीय. त्याला काही करावे लागत नाही. तिला मात्र दरवर्षी वकिलातीत जावे लागते. ती विद्यार्थिनी नाही, सरकारी नोकर नाही. आंतरराष्ट्रीय संस्थेशी तिचा संबंध नाही. मायदेशी आजारी पडलेल्या आईच्या शुश्रूषेसाठी गेलेल्या लेकीचा उल्लेखही सवलतींच्या यादीत नाही. एकाच घरात, एकाच जेवणाच्या पंगतीत, एक मिरासदार आणि एक उपरी. कलोनमधल्या त्या गृहिणीची तक्रार यापेक्षा वेगळी नव्हती.

आपल्या धर्मशास्त्राने दत्तकाच्या बाबतीत अधिक उदार बुद्धी दाखविली होती. विधिपूर्वक घेतलेला पुत्र परत करता येत नाही. 1956 च्या दत्तकविषयक कायद्यानेही तोच नियम कायम ठेवला. दत्तक पुत्र परगावी किती वर्षे राहिला याचा हिशेब कोणी मांडीत नाही. नागरिकत्वाच्या कायद्याने दत्तक तर घेतला, पण औरसाच्या पाटावर बसविला नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, स्वीकृत नागरिक होऊ इच्छिणारास संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे, अशी अट घातलेली आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे, कन्नडही आहे. ही अट मला मनापासून आवडते. परक्या माणसाने आपल्या गावी येऊन आपली भाषा शिकावी, तिच्यात भांडावे, बाजार करावा, मुलांना हाका माराव्यात, यापेक्षा घरचा होण्याची दुसरी कोणती खूण मागावी? पण ही खूण एकदाच तपासली जाते. त्यानंतर तो परदेशी असेल त्या वर्षी वकिलातीच्या ठरलेल्या नमुन्यात त्याला विचारण्यात येते ते एवढेच की, भारताचा नागरिक राहण्याचा तुमचा इरादा आहे काय. कन्नड तो अजून बोलतो काय, घरी पत्रे कोणत्या भाषेत लिहितो, बसवनगुडीतले त्याचे घर कोण झाडते, यांसाठी त्या कागदावर रकाना नाही.